व्हेर्द्यूर टॅपेस्ट्री : पारख, खरेदी आणि जतन

युरोपात सोळाव्या ते अठराव्या शतकात विणल्या गेलेल्या लोकरी भिंतीपटांमध्ये रानाच्या दृश्यांचा एक मोठा वर्ग आहे. फ्रेंच भाषेत त्याला व्हेर्द्यूर म्हणतात. दाट झाडी, तिच्यातून वाहणारा ओढा, काठावर बगळा किंवा बदक, दूरवर एखादी गढी किंवा पूल आणि चारी बाजूंनी फळाफुलांची किनार, असे या पटांचे सर्वसाधारण रूप असते. राजांच्या लढायांचे किंवा बायबलमधील प्रसंगांचे उत्तम पट आज बहुतांशी संग्रहालयांत गेले आहेत. व्हेर्द्यूर मात्र लिलावांत, जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि वारशाने आलेल्या सामानात अजूनही मिळतात, त्यामुळे सामान्य संग्राहकावर पारख करण्याची वेळ बहुधा याच प्रकाराबाबत येते. युरोपात राहणाऱ्या किंवा तिथून असा पट भारतात आणू इच्छिणाऱ्या मराठी वाचकाला ती पारख करता यावी आणि घरी आणलेला पट टिकवता यावा, यासाठी हे लिहीत आहे.

या पटाकडे चित्र म्हणून पाहण्याआधी विणलेले कापड म्हणून पाहावे, असा माझा आग्रह आहे. त्याचे वय, त्याचे गाव आणि त्याच्यावर नंतर झालेले बरेवाईट उपचार हे सारे धाग्यांत नोंदलेले असते, आणि ती नोंद दर्शनी बाजूपेक्षा उलट्या बाजूला अधिक स्पष्ट वाचता येते.

विणीची ओळख

टॅपेस्ट्री हे भरतकाम नाही. तयार कापडावर सुईने चित्र काढलेले नसते. कापड आणि चित्र मागावर एकाच वेळी तयार होतात. ताण्याचे, म्हणजे मागावर आधी ताणून बसवलेले, धागे साध्या, न रंगवलेल्या लोकरीचे असतात. रंगीत बाणा, म्हणजे ताण्यातून आरपार फिरवलेला धागा, त्यांच्यावर घट्ट दाबून बसवलेला असल्यामुळे ताणा तयार पटात दिसत नाही, त्याचे फक्त उंचवटे बोटाला लागतात. बाण्याचा कोणताही रंग पटाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जात नाही. पानाचा पिवळा धागा पानाच्या हद्दीपर्यंत जाऊन मागे वळतो, आणि शेजारच्या सावलीचा निळा धागा आपल्या हद्दीत फिरत राहतो. पैठणीच्या पदरावरचे पोपट आणि कमळे याच तत्त्वावर विणली जातात, त्यामुळे ज्यांनी पैठणीचे विणकाम जवळून पाहिले आहे त्यांना ही रीत समजायला अवघड जाणार नाही. फरक इतकाच की पैठणीत शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवले जातात, तर युरोपीय पटात ते अनेक ठिकाणी न अडकवताच सोडले जातात. दोन रंगांची सीमा ताण्याला समांतर असेल तिथे मग एक बारीक फट राहते आणि ती नंतर सुईने शिवून घेतात.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे जवळजवळ सर्व जुने चित्रांचे पट मागावर आडवे विणले जात. झाडाचे खोड विणकरासमोर आडवे पडलेले असे, आणि काम पुरे झाल्यावर पट नव्वद अंशांत फिरवून टांगला जाई. अशा रीतीने मागाची रुंदी पटाच्या उंचीला पुरत असे आणि लांबी हवी तितकी वाढवता येत असे. त्यामुळे टांगलेल्या पटात ताणा जमिनीला समांतर दिसतो. या एका गोष्टीतून दोन परिणाम निघतात आणि दोन्ही लक्षात ठेवावेत. समोरच्या व्हेर्द्यूरमध्ये उंचवट्यांच्या रेघा उभ्या असतील तर तो आधुनिक काम किंवा यंत्रावर विणलेले कापड असण्याचा संशय घ्यावा. आणि ताणा आडवा असल्यामुळे टांगलेल्या पटाचा सारा भार तुलनेने नाजूक असलेल्या बाण्यावर आणि फटींच्या शिवणीवर येतो. जुना पट फाटू लागतो तो बहुधा याच शिवणींपाशी.

पॅरिसचा गोब्लँ कारखाना प्रामुख्याने उभ्या मागासाठी (ज्यावर ताणा उभा ताणतात) आणि फ्रान्समधीलच बोव्हे व ओब्युसाँ ही केंद्रे आडव्या मागासाठी (ज्यावर ताणा जमिनीला समांतर असतो) ओळखली जातात. विक्रेते या फरकाचा उल्लेख मोठ्या अभिमानाने करतात. परंतु तयार पट पाहून तो कोणत्या मागावर विणला गेला हे खात्रीने सांगणे तज्ज्ञांनाही कठीण जाते, तेव्हा त्या एका दाव्यावर जास्त पैसे देऊ नयेत.

उलटी बाजू पाहावी

पट जमिनीवर किंवा मोठ्या मेजावर पसरून उलटा करावा. अस्तर असेल तर एका कडेची थोडी शिवण उसवून मागची बाजू दाखवण्याची विनंती करावी. जाणकार विक्रेता त्याला नकार देत नाही, आणि देत असेल तर त्या पटाचा विचार तिथेच थांबवणे बरे. ऑनलाइन लिलावात मागच्या बाजूची, किनारीची आणि तिरप्या प्रकाशात घेतलेली छायाचित्रे मागवून घ्यावीत.

हाताने विणलेल्या पटाच्या मागे तेच चित्र आरशातल्याप्रमाणे उलटे आणि पूर्ण दिसते. ठिकठिकाणी धाग्यांची सुटी टोके लोंबत असतात, आणि एका पानावरून जवळच्या दुसऱ्या पानावर उडी घेतलेला धागाही कुठे कुठे सापडतो. जॅकार्ड यंत्रावर विणलेल्या कापडाची मागची बाजू वेगळी असते. दर्शनी भागावर नको असलेला प्रत्येक रंग तिथे कापडाच्या पूर्ण रुंदीभर धावतो, त्यामुळे रंगीत पट्टे दिसतात आणि चित्राचे रंग उलटेपालटे होतात. जॅकार्डची यंत्रणा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे, आणि तिच्यावर जुन्या व्हेर्द्यूरच्या नकला फ्रान्स आणि बेल्जियममध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मोठ्या प्रमाणावर निघाल्या. त्यांतल्या काही आता शंभर वर्षांच्या झाल्या आहेत आणि मळून जुन्या दिसू लागल्या आहेत. भिंगातून पाहिल्यास त्यांचे टाके अगदी एकसारखे, चौकटीत बसवल्यासारखे दिसतात, आणि ताणा बहुधा सुती असतो. याशिवाय जाड उंचवट्यांच्या कापडावर कुंचल्याने रंगवलेल्या नकलाही आहेत. त्यांच्या मागे चित्र मुळीच नसते किंवा रंगाचे अस्पष्ट डाग असतात.

हाताने विणलेला आहे एवढ्यावरून पट जुना ठरत नाही, हेही ध्यानात ठेवावे. ओब्युसाँ येथे हातविणकाम एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतही चालू राहिले आणि आजही चालू आहे. २००९ साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद केली. गेल्या काही दशकांत चीनमध्येही जुन्या रानदृश्यांच्या हातविणीच्या नकला झाल्या आहेत. म्हणून पुढची पायरी रंग तपासण्याची.

पाने निळी का दिसतात

व्हेर्द्यूर प्रथमच पाहणाऱ्याला झाडांचा निळसरपणा ही कलावंताची निवड वाटते. वस्तुतः ती पाने विणली गेली तेव्हा हिरवी होती. युरोपातील रंगाऱ्यांना पक्का हिरवा रंग देणारी एकच वनस्पती उपलब्ध नव्हती. ते लोकर आधी निळ्या रंगात बुडवत, त्यासाठी वोड ही युरोपीय वनस्पती वापरत, आणि सतराव्या शतकापासून समुद्रमार्गे आलेली भारतीय नीळही वाढत्या प्रमाणात वापरू लागले. मग तुरटीच्या साहाय्याने त्यावर वेल्ड या वनस्पतीचा पिवळा रंग चढवत. नीळ उजेडाला बरीच दाद देत नाही, पिवळा मात्र हळूहळू उडून जातो, आणि दोनतीनशे वर्षांनी झाडावर फक्त निळा उरतो. मंजिष्ठाच्या जातीच्या वनस्पतीपासून केलेला लाल त्या मानाने टिकतो, त्यामुळे किनारीतली फळे अजून तांबूस दिसतात आणि रान निळे पडलेले असते.

यातून तपासणीची फार उपयोगी कसोटी मिळते. अस्तराखाली अंधारात राहिलेल्या मागच्या बाजूला मूळ हिरवा आणि पिवळा अजून शिल्लक असायला हवा. पुढे निळे आणि मागे हिरवे पान सापडले की रंग कालांतराने, उजेडाने उडाला आहे असे मानता येते. दोन्ही बाजू सारख्याच फिक्या किंवा सारख्याच तपकिरी असतील तर पट नव्या कापडाला जुने रूप देण्यासाठी रसायनात किंवा चहासारख्या द्रावणात बुडवला असण्याची शक्यता असते. दोन्ही बाजूंना जांभळा, गुलाबी किंवा हिरवा रंग भडक दिसत असेल, तर तो कृत्रिम रंगांचा काळ समजावा. पहिला कृत्रिम रंग १८५६ साली इंग्लंडमध्ये तयार झाला, त्यामुळे असे रंग मूळ विणीत असतील तर पट त्यापूर्वीचा असू शकत नाही. ते फक्त ठिगळांत असतील तर ती नंतरची दुरुस्ती असते.

काळ्या-तपकिरी रेषांकडे वेगळे लक्ष द्यावे. खोडांच्या कडा आणि गडद सावल्या यांसाठी लोखंडाचे क्षार वापरून रंग काळा करत, आणि तेच क्षार शतकानुशतके लोकर आतून कुरतडत राहतात. म्हणून अनेक पटांत बाकीचे रान शाबूत असताना नेमक्या काळ्या रेषा झडून गेलेल्या असतात आणि आतला पांढरा ताणा उघडा पडलेला असतो. ही खूण पाहून घाबरून जाऊ नये, कारण ती खऱ्या जुनेपणाची असते; मात्र अशा झडलेल्या रेषा किती आहेत हे मोजून घ्यावे, कारण दुरुस्तीचा खर्च त्यांच्यावरच ठरतो. पाण्याची चमक आणि पानांवरचे उजेडाचे टिपके यांसाठी वापरलेले रेशीमही उजेडाने भुगा होते, म्हणून तेही तपासावे.

चित्रावरून काळ आणि गाव

चित्रातील झाडी कशी आहे यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस आणि सोळाव्याच्या आरंभी गडद पार्श्वभूमीवर शेकडो सुटी फुलझाडे विखुरलेली असत आणि त्यांच्यात ससे, कुत्रे, हरणे फिरत. पॅरिसच्या क्लूनी संग्रहालयातील युनिकॉर्न हा काल्पनिक एकशिंगी प्राणी आणि स्त्री यांचे सहा पट हे याच पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. असे पट बाजारात फार क्वचित येतात. सोळाव्या शतकाच्या मध्याला मोठ्या पानांचे व्हेर्द्यूर आले. त्यांत प्रचंड मोठी, वळलेली, कोबीच्या पानांसारखी पाने सारा पट व्यापतात आणि त्यांच्या मधल्या जागेतून एखादा पक्षी किंवा झुंजणारी जनावरे डोकावतात. फ्लँडर्स व त्यालगतच्या भागातील (आजचा बेल्जियम) आंगियाँ आणि औदेनार्दे ही गावे अशा पटांसाठी ओळखली जातात. मला स्वतःला सर्व प्रकारांत हाच सर्वाधिक आवडतो, कारण त्यात विणकराने दृश्याचा मोह टाळून पानाच्या घडणीलाच विषय केले आहे.

त्याच काळात ब्रसेल्सच्या विणकरांनी जनावरांचे याहून बारकाईचे काम केले. पोलंडचा राजा सिगिस्मुंड दुसरा ऑगस्ट याने १५५० ते १५६० च्या सुमारास ब्रसेल्सहून मागवलेल्या पटांपैकी शंभराहून अधिक आजही क्राकूव्हच्या वावेल किल्ल्यात आहेत, आणि त्यांतला मोठा वाटा रानात वावरणाऱ्या खऱ्या व काल्पनिक प्राण्यांच्या पटांचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते कॅनडात सुरक्षित ठेवले गेले आणि नंतर परत आले. प्राण्याच्या अंगावरचे केस, पिसांचा क्रम आणि पायाखालची ओळखता येईल अशी झुडपे यांची कसोटी डोळ्यांत बसवायची असेल तर हा संग्रह पाहावा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील शिकारीचे चार मोठे पट पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहेत आणि तिथे प्रवेशशुल्क नाही, त्यामुळे इंग्लंडातील वाचकांनी सुरुवात तिथून करावी. औदेनार्देच्या नगरभवनातील संग्रहालयात आणि ओब्युसाँ येथे २०१६ साली सुरू झालेल्या टॅपेस्ट्री केंद्रात व्हेर्द्यूर जवळून पाहता येतात.

सतराव्या शतकात मोठी पाने मागे पडून मोकळे दृश्य पुढे आले. दोन बाजूंना दोन उंच झाडे, मधे खोलवर गेलेली वाट, शेवटी गढी किंवा बाग, अशी रचना औदेनार्दे आणि ओब्युसाँ येथे अगणित वेळा विणली गेली. अठराव्या शतकात ओब्युसाँच्या रानात चिनी धाटणीचे मनोरे, पुलांवरच्या छत्र्या आणि परदेशी पक्षी शिरले. बोव्हे येथे जाँ-बाप्तिस्त उद्री हा प्राण्यांचा चित्रकार १७३४ साली कारखान्याचा संचालक झाला, आणि त्याच्या प्रभावाखाली कुत्री, कोल्हे व पाणपक्षी यांचे चित्रण अधिक जिवंत झाले.

पक्षी आणि प्राणी पाहून कालमर्यादा ठरवता येते. टर्की कोंबडा किंवा मकाव पोपट हे अमेरिका खंडातून आलेले पक्षी ज्या पटात आहेत तो सोळाव्या शतकाआधीचा असूच शकत नाही. याच संदर्भात 'इंडीज' या नावाने भारतीय वाचकाची फसगत होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगतो. गोब्लँ येथे १६८७ पासून विणल्या गेलेल्या या नावाच्या पटमालेतील बहुतेक वनस्पती, फळे आणि माणसे ब्राझीलमधील आहेत. डच चित्रकार आल्बर्ट एकहाउट आणि फ्रान्स पोस्ट यांची मूळ चित्रे १६७९ साली चौदाव्या लुईला भेट मिळाली होती. भारताशी खरा संबंध असलेली पटमाला व्हिएन्नाच्या कला-इतिहास संग्रहालयात आहे. ब्रसेल्सला विणलेल्या त्या दहा पटांत पोर्तुगीज सेनानी जुआंव द कास्त्रो याचा दीवचा विजय आणि १५४७ साली गोव्यात झालेला विजयी प्रवेश दाखवला आहे. ते व्हेर्द्यूर नव्हेत, पण गोव्याच्या इतिहासाची आवड असणाऱ्याने ते अवश्य पाहावेत.

गाव ठरवण्यासाठी पोताचा आधार घ्यावा. मोजपट्टी ठेवून एका सेंटिमीटरमध्ये ताण्याचे किती उंचवटे बसतात ते पाचसहा ठिकाणी मोजावे. औदेनार्दे आणि ओब्युसाँच्या सर्वसाधारण व्हेर्द्यूरमध्ये ते चार ते सहा भरतात; ब्रसेल्स, बोव्हे आणि गोब्लँच्या उत्तम कामात सात-आठ किंवा अधिक. सेंटिमीटरला चार उंचवटे असलेला पट बोव्हेचा म्हणून विकला जात असेल तर विक्रेत्याने त्यासाठी भक्कम पुरावा दाखवायला हवा.

किनार, खुणा आणि काटछाट

ब्रसेल्समध्ये १५२८ च्या नियमाने पटावर शहराची खूण विणणे बंधनकारक झाले. दोन 'बी' अक्षरांच्या मधे लाल ढाल, अशी ती खूण आहे, आणि तिच्या जोडीला विणकराचे चिन्ह असते. १५४४ च्या फर्मानाने अशी सक्ती तेव्हाच्या सर्व नेदरलँड्सवर (आजचा बेल्जियम धरून) आली. औदेनार्देच्या खुणेत ढालीसोबत चष्मा असतो. ओब्युसाँला १६६५ साली राजकारखान्याचा किताब मिळाला, आणि त्यानंतरच्या पटांच्या खालच्या बाजूला गावाचे नाव किंवा त्याची आद्याक्षरे विणलेली आढळतात. अठराव्या शतकात ओब्युसाँची बाहेरची पट्टी निळी आणि शेजारच्या फेल्ताँ गावाची तपकिरी असे.

या खुणा सर्वांत बाहेरच्या एकरंगी पट्टीत असतात, आणि नेमकी तीच पट्टी आधी झिजते, उंदीर कुरतडतात किंवा टांगण्याच्या खिळ्यांनी फाटते. म्हणून बहुसंख्य व्हेर्द्यूरवर कोणतीही खूण शिल्लक नाही, आणि खूण नसणे हा दोष मानू नये. खूण असेल तर मात्र ती पट्टी पटाबरोबर सलग विणलेली आहे की नंतर शिवलेली आहे हे बोट फिरवून पाहावे. शिवलेल्या पट्टीवरची खूण दुसऱ्या पटाची असू शकते.

तीच तपासणी रुंद किनारीलाही लागू होते. खोलीचा आकार बदलला, दार फोडले, घराच्या वाटण्या झाल्या की पट कापले जात. रानाच्या दृश्याला कथा नसल्यामुळे ते कापताना कोणाला फारसे वाईट वाटले नाही, आणि म्हणूनच व्हेर्द्यूरची काटछाट इतर पटांपेक्षा जास्त झाली आहे. झाडाचा शेंडा किनारीपाशी अचानक तुटतो का, बगळ्याचे अर्धेच अंग दिसते का, चारही कोपऱ्यांत नक्षी नीट वळते की मध्येच सांधली आहे, हे शांतपणे पाहावे. कापलेला पट घेऊच नये असे माझे मत नाही. भारतातील सदनिकेत छताची उंची बहुधा तीन मीटरच्या आतच असते, आणि पूर्ण पट पुष्कळदा अडीच ते तीन मीटर उंच असतो. अशा घरात चांगल्या अवस्थेतला एखादा तुकडा पूर्ण पण जर्जर पटापेक्षा अधिक शोभतो आणि अधिक टिकतो. किंमत मात्र तुकड्याचीच द्यावी.

दुरुस्त्यांबाबतही डोळसपणा हवा. नवा बाणा घालून पुन्हा विणलेले भाग मागून लगेच कळतात, कारण त्यांचा रंग पुढेमागे सारखा असतो. काही वेळा झिजलेल्या जागांवर थेट रंग लावून त्या लपवलेल्या असतात. तिथे बोटाला कोरडा, खरखरीत स्पर्श लागतो आणि रंग धाग्यांच्या आत न शिरता वर बसलेला दिसतो. विणलेली जुनी दुरुस्ती मान्य करावी. रंगवलेली दुरुस्ती दिसल्यास किंमत बरीच खाली आणावी, कारण तो रंग काढणे कठीण असते आणि त्याखाली किती नुकसान आहे हे कळत नाही.

कागदपत्रे

परदेशात खरेदी केलेला पट भारतात आणताना वयाचा लेखी दाखला जवळ ठेवावा. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात गोब्लँ, फ्लँडर्स, ओब्युसाँ आणि बोव्हे पद्धतीच्या हातविणीच्या पटांसाठी ५८०५ हे स्वतंत्र शीर्षक आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी ९७०६ हे वेगळे शीर्षक आहे. माल कोणत्या शीर्षकाखाली जातो यावर कराची आकारणी ठरते, त्यामुळे लिलावगृहाचे बिल, तज्ज्ञाचा अहवाल आणि छायाचित्रे ही कागदपत्रे पाठवणीपूर्वी सीमाशुल्क दलालाला दाखवून सध्याचे दर विचारून घ्यावेत. फ्रान्ससारख्या देशातून पट बाहेर काढताना त्याचे वय आणि मूल्य यांनुसार तिथला निर्यात परवाना लागू शकतो. तो मिळवण्याची जबाबदारी कोणाची, हे खरेदीच्या करारातच लिहून घ्यावे.

पट भारतात आल्यावर आयातीची कागदपत्रे कायम जपावीत. भारताच्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंची खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाही. पुढे परदेशी स्थायिक होण्याचा बेत असेल तर पट हलवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे लेखी विचारणा करावी.

टांगण्याची रीत

वरच्या कडेला कड्या शिवून किंवा खिळे ठोकून पट टांगू नये. प्रत्येक कडीपाशी भार एकवटतो आणि मधला भाग झोळी होऊन फाटतो. आज संग्रहालयांत सर्वमान्य असलेली पद्धत वेल्क्रोची आहे. सुमारे पाच सेंटिमीटर रुंद वेल्क्रोची मऊ पट्टी आधी मजबूत सुती नाडपट्टीवर शिवतात. मग ती नाडपट्टी पटाच्या मागे वरच्या कडेभर, सुई ताण्याच्या धाग्यांमधून नेत आणि धागा न टोचता, हाताने शिवतात. खरखरीत पट्टी लाकडी पट्टीवर पक्की करून ती भिंतीला बसवतात, आणि लाकडातील आम्ल कापडात उतरू नये म्हणून मधे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर देतात. अशा रीतीने भार पूर्ण रुंदीभर सारखा वाटला जातो, उंच-सखल झालेली कड सरळ करता येते, आणि आग किंवा गळती झाल्यास पट क्षणात ओढून काढता येतो. पटाला धुऊन आटवून घेतलेल्या सुती किंवा तागाच्या कापडाचे अस्तर लावावे. अस्तर खालच्या कडेला मोकळे सोडावे, म्हणजे दोन कापडे वेगवेगळी आकसली तरी पट ओढला जात नाही आणि धूळ साचत नाही.

भिंत निवडताना बाहेरची, पावसाचा मारा घेणारी भिंत टाळावी. पट आणि भिंत यांच्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा राहील अशी लाकडी पट्टी बसवावी. समोर खिडकी नको, खाली सोफा किंवा खुर्ची नको, जवळ देवघराचा धूर किंवा स्वयंपाकघराची वाफही नको.

उजेड, दमटपणा आणि कसर

संग्रहालये अशा कापडावर ५० लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) उजेड पडू देतात. भर दुपारच्या उन्हात तो एक लाख लक्सच्या जवळ जातो. उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही, आणि उजेडाचे नुकसान साठत जाते, म्हणून पडदे जाड असावेत आणि पट वर्षातले काही महिने अंधारात विश्रांतीला ठेवावा.

आपल्याकडील हवा हा याहून कठीण प्रश्न आहे. लोकरीला पन्नास-पंचावन्न टक्क्यांच्या आसपासची स्थिर आर्द्रता मानवते. मुंबई, कोकण आणि गोवा येथे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते, आणि सत्तरीच्या पुढे बुरशी धरू लागते. उलट विदर्भात मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की जुनी लोकर ठिसूळ बनते. दिवसा वातानुकूलन चालवून रात्री बंद करण्याने आर्द्रता रोज वरखाली होते आणि धागे फुगून आकसत राहतात. त्यापेक्षा आर्द्रताशोषक यंत्र मंद गतीने सतत चालू ठेवणे हितकारक असते. खोलीत आर्द्रतामापक लावून त्याची नोंद ठेवावी. किनारपट्टीवर अशी व्यवस्था शक्य नसेल तर पट भिंतीवर ठेवण्याचा आग्रह धरू नये.

कसर हा लोकरीचा मोठा शत्रू आहे. नुकसान उडणारा पतंग करत नाही, त्याच्या अळ्या करतात, आणि त्या अंधाऱ्या, स्थिर जागा शोधतात. त्यामुळे अस्तराच्या आत, खालच्या घडीत आणि वेल्क्रोच्या शिवणीत महिन्यातून एकदा टॉर्च लावून पाहावे. वाळूसारखी विष्ठा, रेशमी जाळी किंवा अचानक उघडा पडलेला ताणा दिसला की पट लगेच इतर लोकरी वस्तूंपासून दूर करावा. लहान तुकडा असेल तर तो पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे अठरा-वीस अंशांवर दोन आठवडे गोठवावा आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी न उघडता तसाच ठेवावा, म्हणजे दव कापडावर जमत नाही. मोठ्या पटासाठी संवर्धन प्रयोगशाळेची मदत घ्यावी. डांबराच्या गोळ्या कापडाला लागून ठेवू नयेत, त्यांची वाफ घरातील माणसांनाही अपायकारक असते. कडुनिंबाचा पाला अळ्या लागलेल्या पटाला पुरा पडत नाही.

सफाई आणि साठवण

वर्षातून एकदा, पटावर मऊ नायलॉनची जाळी धरून, कमी ओढीच्या व्हॅक्यूमने दोन्ही बाजूंची धूळ काढावी. पट झटकू नये, उन्हात घालू नये आणि ड्रायक्लीनिंगला तर कधीच देऊ नये. घरी पाण्याचा स्पर्शही होऊ देऊ नये. मूळ वनस्पतिजन्य रंग पाण्यात पुष्कळदा टिकतात, परंतु नंतरच्या दुरुस्तीतले कृत्रिम रंग फुटतात आणि शेजारच्या जुन्या लोकरीत कायमचे उतरतात. धुण्याचे काम बेल्जियमच्या मेखलेन येथील दे विट यांच्यासारख्या, पूर्ण पट पसरून पाण्याचा बारीक फवारा आणि खालून शोषण यांनी धुणाऱ्या विशेष कार्यशाळांचे आहे. म्हणून युरोपातून पट आणायचा असेल तर धुलाई आणि अस्तर तिथेच करून घ्यावे. भारतात सल्ल्यासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला-संवर्धन केंद्र, वारसा जतन करणाऱ्या इन्टॅक या संस्थेच्या संवर्धनशाळा किंवा लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा यांच्याकडे विचारणा करावी. कुशल रफूगाराकडे पट द्यायचा झाल्यास त्याला मूळ धागा कापू नये, गाठ मारू नये आणि गेलेला भाग नव्याने विणू नये, फक्त मागे लावलेल्या आधार-कापडावर सुटे ताणे टाक्यांनी स्थिर करावेत, असे स्पष्ट सांगावे.

पट उतरवून ठेवताना त्याची घडी घालू नये, कारण घडीच्या रेषेवर रेशीम आणि काळी लोकर प्रथम तुटते. दहा-पंधरा सेंटिमीटर व्यासाची, पटाच्या उंचीपेक्षा लांब नळी घ्यावी आणि तिच्यावर आम्लरहित कागद गुंडाळावा. पट डावीकडून उजवीकडे, म्हणजे ताण्याच्या दिशेने, दर्शनी बाजू बाहेर ठेवून सैलसर गुंडाळावा. अशाने सुरकुत्या पडल्याच तर त्या आतल्या अस्तरावर पडतात. बाहेरून धुतलेले सुती कापड लपेटून रुंद फितीने बांधावे. गुंडाळी जमिनीवर न टेकवता नळीच्या दोन टोकांवर आडवी तोलून ठेवावी, तिच्यावर पटाचे छायाचित्र, माप आणि ठेवल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी, आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर ती पूर्ण उघडून कसर आणि बुरशी यांसाठी दोन्ही बाजू तपासाव्यात.